वाचकांचे प्रश्न : हात-पाय शिकतात कसे?

मागील अंकात शारीरिक कौशल्ये आणि सराव या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून नावे वगळली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण सरावाच्या वेळी जे नीट जमते तेच आपण शिकलो असे मानावे का, हा त्यातला प्रश्न आणखी दोन पत्रांतही वेगळ्या वेशात आला आहे.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून बॅडमिंटन शिकते. आधीचे प्रशिक्षक एकाच प्रकारची सर्व्हिस ओळीने पन्नास वेळा करून घेत आणि शेवटी शेवटी ती इतकी अचूक पडे की पाहत राहावे. उन्हाळी शिबिरापासून नवे प्रशिक्षक आले आहेत. ते एक आखूड सर्व्हिस, मग एक लांब, मग एक सपाट, पुन्हा लांब, अशी सरमिसळ करतात आणि प्रत्येक फटक्यानंतर काय चुकले तेही सांगत नाहीत. तिच्या चुका वाढल्या आहेत, घरी येऊन ती रडते. मी रोज बाकावर बसून पाहतो. आमचे पैसे पाण्यात जात आहेत का?
— एक पालक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बाकावरून तुम्हाला दिसते ते खरेच आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष बहुधा बरोबर नाही. सरावाच्या वेळची कामगिरी आणि प्रत्यक्ष शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी मात्र मध्ये काही काळ गेल्यावर, किंवा परिस्थिती बदलल्यावर जे टिकून राहते त्यावरूनच ओळखता येते.

याचा एक ठळक पुरावा अमेरिकेतील शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडला. त्यांनी विद्यार्थ्यांना ठरावीक क्रमाने हाताने लाकडी अडथळे पाडण्याच्या तीन हालचाली शिकवल्या. काहींनी एक हालचाल पुरी घोटून मग दुसरी घेतली, तर काहींना तिन्ही हालचाली उलटसुलट क्रमाने कराव्या लागल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस होता. मात्र १० मिनिटांनी किंवा १० दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा सरमिसळ करणारा गट पुढे निघून गेला. तुमच्या प्रश्नाशी अगदीच जवळचा प्रयोग १९८६ मधला आहे. गुड आणि मॅगिल यांनी कधीही बॅडमिंटन न खेळलेल्या विद्यार्थिनींना नेमक्या याच तीन सर्व्हिस शिकवल्या, आखूड, लांब आणि सपाट. नंतरच्या परीक्षेत सरमिसळ सराव केलेल्या मुली वरचढ ठरल्या, आणि कोर्टाच्या ज्या बाजूने त्यांनी कधी सराव केला नव्हता त्या बाजूने सर्व्हिस करायला सांगितले तरीही त्याच वरचढ राहिल्या.

असे का होत असावे? एकच सर्व्हिस पन्नास वेळा केली की पहिल्या चार-पाच फटक्यांनंतर हाताला नव्याने काही ठरवावे लागत नाही. रॅकेट किती मागे न्यायची, मनगट किती सोडायचे, शटल कुठे सोडायचे, हा सारा हिशेब आधीच्या फटक्यातून तसाच पुढे चालत येतो आणि फटके एकापाठोपाठ एक सुंदर पडतात. सर्व्हिस दर वेळी बदलली की तो हिशेब प्रत्येक वेळी स्मृतीतून काढून नव्याने जुळवावा लागतो. तुम्हाला दिसणाऱ्या चुका या जुळवाजुळवीच्या आहेत, आणि सामन्यात तिला नेमके तेच काम करायचे आहे. दमछाक करणाऱ्या रॅलीनंतर, समोरची मुलगी कुठे उभी आहे ते पाहून, एकच सर्व्हिस, तीही एकदाच, आणि पुढची कदाचित अगदी वेगळी.

पन्नास वेळा ‘तीच’ हालचाल होते, हेही तितकेसे खरे नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांना लहान दिवे बांधून त्यांची छायाचित्रे घेतली. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या माणसाचाही खांदा, कोपर आणि मनगट दर घावाला थोड्या वेगळ्या वाटेने जात होते, हातोड्याचे टोक मात्र त्या मानाने नेमक्या जागी येत होते. म्हणजे कसबी हात एकच हालचाल छापून ठेवत नाही, तर तोच परिणाम साधण्याची वाट दर वेळी शोधतो. तुमच्या मुलीलाही तेच शिकायचे आहे.

दर फटक्यानंतर चूक न सांगणे हा हलगर्जीपणा असेलच असे नाही. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवले की, हाताची एक हालचाल शिकताना ज्यांना निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितला ते नंतरच्या परीक्षेत, दर वेळी निकाल मिळालेल्यांपेक्षा चांगले ठरले. प्रत्येक वेळी कोणीतरी सांगत असले की शिकणारा स्वतःच्या हाताला काय जाणवले, शटल कुठे पडले, याकडे लक्ष देणे सोडून देतो. याच संदर्भात बाकावरील पालकांनाही एक विनंती. ‘कोपर वर!’, ‘मनगट सैल!’ अशा सूचनांपेक्षा ‘शटल जाळीच्या पट्टीला जवळजवळ घासून गेले पाहिजे’ ही सूचना अधिक उपयोगी पडते. लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवले तर हालचाल अधिक सफाईदार होते, असे गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासूनच्या अनेक प्रयोगांत दाखवले आहे. त्याहून बरे म्हणजे पालकांनी सराव चालू असताना काहीच बोलू नये. पण नागपुरातील कोणत्याही हॉलमध्ये हे घडताना मी अजून पाहिलेले नाही.

आता दुसरी बाजू. फटका अगदीच नवा असेल, रॅकेट कशी धरायची येथपासून सुरुवात असेल, तर पहिले काही दिवस एकच गोष्ट घोटून घेण्यात गैर काही नाही. शिवाय प्रयोगशाळेत सरमिसळीचा जितका फायदा दिसतो, तितका तो मैदानावर, विशेषतः लहान मुलांत, नेहमी दिसत नाही. आणि तुमची मुलगी रडत घरी येते ही गोष्ट मी सर्वांत गंभीर मानतो, कारण जे मूल खेळणेच सोडून देते त्याला कोणत्याच पद्धतीचा उपयोग नाही. चुका का वाढल्या आहेत हे प्रशिक्षकांनी तिला तिच्या भाषेत सांगायला हवे. तुम्ही त्यांना तसे स्पष्ट सांगा.

पडताळणी तुम्ही स्वतःही करू शकता. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी, थोडे अंग मोकळे केल्यावर पण सर्व्हिसचा सराव सुरू होण्यापूर्वी, समोरच्या कोर्टात आखूड सर्व्हिसच्या रेषेपलीकडे एक नॅपकिन आणि मागच्या रेषेजवळ दुसरा टाकून ठेवा. मग तिला आलटून पालटून दहा सर्व्हिस करू द्या आणि नॅपकिनच्या आसपास किती पडल्या ते टिपून ठेवा. दर सोमवारी हेच करा. दीड-दोन महिन्यांत त्या आकड्यांत सुधारणा दिसली नाही, तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : माझे वय ४७. मुले शिकायला पुण्याला गेली, म्हणून स्कूटर शिकायला घेतली. यजमान रविवारी सलग तीन-चार तास शिकवतात. रिकाम्या ले-आउटमध्ये जमते, पण रस्त्याला लागून समोरून ऑटो आला की हात-पाय गार पडतात, आणि ब्रेक दाबण्याऐवजी गाडी जास्तच पळते. ‘या वयात आता काय शिकणार’ असे सगळे म्हणतात. खरेच उशीर झाला आहे का?
— एक भगिनी, मानेवाडा

उत्तर : ताई, उशीर झालेला नाही. मध्यम वयात नवी हालचाल आत्मसात व्हायला वेळ अधिक लागतो एवढेच. मला तुमच्या वयापेक्षा रविवारच्या तीन-चार तासांचीच अधिक काळजी वाटते.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक गोष्ट मनात बोलून करतो, दुसऱ्यात चुका आपोआप कमी होऊ लागतात आणि तिसऱ्यात हालचाल स्वयंचलित होऊन मन दुसऱ्या कामाला मोकळे होते. तुम्ही अजून पहिल्या टप्प्यात आहात. तोल, वेग आणि ब्रेक यांनाच तुमचे सारे अवधान पुरत नाही. त्यात समोरून ऑटो आला की त्याच्यासाठी अवधान उरणार कुठून? तुम्हाला आज तरबेज वाटणाऱ्या प्रत्येक चालकाला ही अवस्था ओलांडावीच लागली आहे, फक्त ती आता कोणाला आठवत नाही.

ब्रेकऐवजी गाडी पळते याचे कारण तुमच्या उजव्या मुठीत आहे. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट आवळतो. उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर असल्यामुळे मूठ आवळताना मनगट खाली झुकले की तो पिळला जातो, गाडी उसळी घेते, त्या धक्क्याने शरीर मागे जाते आणि ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. ‘घाबरू नका’ असे सांगून हे सुटत नाही. त्यासाठी गाडी बंद ठेवून, स्टँडवर बसून, एक जोडी हालचाल वेगळी घोटावी लागते, ती म्हणजे उजवी मूठ पुढे सोडणे आणि त्याच क्षणी दोन्ही हातांनी ब्रेक दाबणे. यजमानांनी मध्येच टाळी वाजवावी आणि टाळीबरोबर तुम्ही हे करावे. मग बंद गाडीवर बसूनच दोन्ही पायांनी जमीन ढकलत तिला हळूहळू चालवावी आणि टाळीबरोबर थांबावे. इंजिन सुरू करण्याची पाळी त्यानंतर येते. नजरेचेही असेच आहे. जेथे नजर खिळते तिकडे हँडल वळते, म्हणून ऑटोकडे टक लावून पाहण्याऐवजी त्याच्या बाजूची मोकळी जागा पाहायची सवय रिकाम्या ले-आउटमध्येच, एखादी वीट मध्ये ठेवून, लावून घ्यावी.

आता तासांबद्दल. ब्रिटनच्या टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये वेगवेगळ्या वेळापत्रकांची तुलना केली. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. गंमत अशी की या पद्धतीवर सर्वांत नाराजही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबाने त्यांना आपण मागे पडतो आहोत असे वाटे. तुम्ही रविवारचे चार तास बंद करून रोज पहाटे अर्धा तास ठेवा. सकाळी रहदारी नसते, ऊन नसते आणि रात्रीच्या झोपेत आदल्या दिवसाचा सराव पक्का होण्यास मदत होते. लहानपणी सायकल चालवली असेल तर तोल तुमच्याकडे आधीपासूनच आहे, ती स्मृती सहसा पुसली जात नाही. शिकाऊ परवाना आणि हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून हवे, आणि यजमानांनी मागे बसून ओरडू नये.

प्रश्न : मी मराठी टंकलेखनाच्या, मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करतो आहे. दीड महिना झाला, वेग २४-२५ च्या पुढे जातच नाही. आणि परीक्षेसारखे घड्याळ लावले की बोटे कुठे पडतात तेच कळत नाही. घरी मात्र बरे जमते.
— एक विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : वेग अडकणे ही जुनी तक्रार आहे. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले, त्यांत तारेचा संदेश ऐकून घेण्याची गती अनेक आठवडे एकाच पातळीवर थांबलेली आढळली. त्यांचा तर्क असा की अक्षरे एकेक करून ओळखण्याची सवय पक्की होऊन शब्द एकसंध ओळखण्याची सवय लागेपर्यंत हे थांबणे चालते. नंतरच्या संशोधकांना असा सपाट टप्पा सर्वांमध्ये आढळला नाही, त्यामुळे तो अटळ आहे असे समजू नका. पण तुम्ही नेमके कुठे अडकता ते शोधा. मराठीत वेग बहुतेक जोडाक्षरे, रफार आणि मात्रा-अनुस्वार येथे कापला जातो. एखादा उतारा टंकताना बोट जेथे जेथे अडखळते तेथे पेन्सिलने खूण करा. ‘स्वातंत्र्य’, ‘कार्यालय’, ‘विद्यार्थी’ असे आठ-दहा शब्द निघतील. ते सुटे घोटा, पण लगेच दुसऱ्या उताऱ्यांत मिसळूनही घ्या, नाही तर पहिल्या पत्रातील पालकांसारखा भ्रम तुम्हालाही होईल. रोजचा तोच उतारा पुन्हा पुन्हा टंकून जो वेग दिसतो तो त्या उताऱ्याचा असतो, तुमचा नव्हे.

परीक्षेत बोटे चुकतात याचे कारण निराळे आहे. जे काम हात आता जवळजवळ आपोआप करतात, त्यात भीतीपोटी मन पुन्हा लुडबुड करू लागते. बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनुभवी फुटबॉलपटूंना चेंडू पायाने पुढे नेताना तो पायाच्या कोणत्या भागाला लागतो याकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा त्यांचा खेळ मंदावला. नवशिक्यांचे तसे झाले नाही. म्हणून परीक्षेत बोटांकडे अजिबात पाहू नका आणि बोटांचा विचारही करू नका, नजर आणि मन मजकुरावर दोन शब्द पुढे ठेवा. शिवाय घड्याळ लावून, अनोळखी उतारा घेऊन, शेजारी कोणीतरी बसवून सराव करा. घरच्या निवांत खोलीतला वेग परीक्षेच्या हॉलमध्ये जसाच्या तसा नेता येत नाही.

प्रश्न : माझा नातू १३ महिन्यांचा झाला. तो रांगलाच नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत सगळीकडे जातो. धरून उभा राहतो, पण चालत नाही. शेजारणी म्हणतात वॉकर आणा. आमच्या वेळी पांगुळगाडा असे. सून म्हणते काही आणायचे नाही. काय करावे?
— एक आजी, महाल

उत्तर : आजी, सूनबाईंचे ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतील, त्यात भारतही होता, निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय चालू लागण्याचे वय त्यांत साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आहे. त्याच नोंदींत शंभरातील चारेक मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि पुढे नीट चालू लागली. तुमचा नातू सरकत का होईना, हवे तेथे पोचतो आणि धरून उभा राहतो, ही चांगली लक्षणे आहेत.

मूल विशिष्ट महिन्यात विशिष्ट हालचाल करते कारण मेंदू तेवढा पिकतो, असे पूर्वी मानत. एस्थर थेलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याला छेद दिला. नवजात बाळाला उभे धरले तर ते पावले टाकल्यासारखे करते आणि दोनेक महिन्यांत हे थांबते, म्हणजे मेंदू ती क्रिया दाबतो असा समज होता. थेलन यांनी १९८४ मध्ये बाळांचे पाय पाण्यात बुडवून त्यांना उभे धरले, तर पाण्याने पाय हलके होताच पावले अधिक पडू लागली. पाय चरबीने जड झाले होते आणि स्नायूंना ते उचलवत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण. बाळसे धरलेला नातू थोडा उशिरा चालू लागला तर त्यात वावगे काही नाही.

चालायला शिकण्यासाठी मुलाला हवे असते ते म्हणजे मोकळी जमीन आणि पडण्याची मुभा. कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे खेळणे मोजले, तेव्हा एका तासात सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे भरले. बसायच्या वॉकरमध्ये मूल पडत नाही, स्वतःचा भार पेलत नाही आणि बऱ्याचदा त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत, म्हणजे जे शिकायचे तेवढेच नेमके वगळले जाते. वॉकरमुळे चालणे उलट लांबल्याचे आढळले आहे आणि जिन्यावरून कोसळण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्याचे तसे नव्हते, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. जुना, जड, न उलटणारा गाडा माळ्यावर असेल तर जवळ बसून खेळू द्यायला हरकत नाही, पण तो नसला तरी काही अडत नाही. फरशीवर मोजे न घालता अनवाणी सोडा आणि दिवाण, खुर्ची, टेबल हात पोचतील इतक्या अंतरावर ठेवा, म्हणजे एक सोडून दुसरे धरता येईल.

डॉक्टरांकडे मात्र वेळ न घालवता केव्हा जावे तेही सांगतो. १८ महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, अंग फारच सैल किंवा फारच ताठ वाटत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा मालिशवाल्या बाईंचे मत पुरेसे नाही.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे, डाव्या हाताने लिहितो. शाळेत आणि घरी सर्वजण उजव्या हाताची सवय लावा म्हणतात. लावावी का?
— एक आई, नंदनवन

उत्तर : लावू नये. जगात दहातील साधारण एक माणूस डावखुरा असतो आणि तो कल जन्मापासूनच्या घडणीचा असतो, वळणाचा नव्हे. आपल्या नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड डावखुरीच आहे, आणि २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला हरवले ते त्याच हाताने. हात बदलायला लावला की मुलाचे अवधान अक्षर काढण्यातच संपते आणि काय लिहायचे ते मागे पडते. त्याऐवजी तीन गोष्टी करा. वही थोडी उजवीकडे कलती ठेवा, म्हणजे वरचा डावा कोपरा वर जाईल आणि मनगट वाकडे करून लिहावे लागणार नाही. पेन्सिल टोकापासून दीडेक इंच वर धरायला शिकवा, म्हणजे लिहिलेले त्याला दिसेल आणि हाताने पुसले जाणार नाही. आणि वर्गशिक्षिकांना सांगून त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्या उजव्या हाताच्या मुलाच्या कोपराशी त्याचे कोपर सारखे आदळणार नाही.